नऊ वाव

धरणाचं पाणी गावावर चढलं, तरी आमच्या लोकांनी बांध मोडले नाहीत. डिंभ्याच्या भिंतीवर उभ्या राहिलेल्या पाहुण्याला मागे डोंगरात शिरत गेलेलं एकसलग पाणी दिसतं. आम्हाला ते तसं कधी दिसलं नाही. ज्याचं वावर जिथे बुडालं, तिथेच त्याने जाळं टाकायचं, असा आमच्याकडे रिवाज पडला होता. कुणी बैठक घेऊन तो ठरवला नव्हता. गावात पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी, मासेमारी कुणालाच ठाऊक नव्हती, आणि दुसऱ्याच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून माणसं होडीत बसूनही शेतातच होती. "खळ्यावर टाकलं व्हतं, काय नाय लागलं", "पांढरीच्या वावरात दोन कटलं घावलं" अशी बोलणी चालत. हद्दीच्या खुणा काठावर होत्या. पलीकडच्या कड्यातली खाच आणि अलीकडचं एकटं सावरीचं झाड एका रेषेत आलं की आमचं वावर सुरू होई. टेकावरच्या नव्या देवळाचा कळस शाळेच्या पत्र्यावर आलेला दिसला की ते संपे. तिथून पुढे नानांचं.

नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. माझ्या वडिलांना, आबांना, ते दादा म्हणत. म्हणजे बोलत होते तोवर म्हणत. वाटणी झाली तेव्हा दोघांच्या मधल्या बांधावर आजोबांनी लावलेला एक रायवळ आंबा राहिला, आणि हद्दीचा दगड आंब्याच्या कोणत्या अंगाला आहे यावर झाड कुणाचं हे ठरणार होतं. नानांनी दगड दोन हात सरकवला, असं आबांचं म्हणणं. आबांनीच तो आधी सरकवला होता, मी फक्त जागेवर आणला, असं नानांचं म्हणणं. पाणी येण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात झाडं तोडून न्या, असा हुकूम निघाला. त्या वेळी आम्ही पिंपरी पेंढारला मामाकडे होतो. टेकावरचं नवं घर उभं राहीपर्यंत तिथेच राहायचं ठरलं होतं. परत आलो तेव्हा बांध, दगड, आंबा यांतलं काही दिसत नव्हतं. आबांनी सामान खाली ठेवायच्या आधी नानांना आंब्याचं विचारलं. नाना म्हणाले, "तोडला. इकला. लाकूड कवाच गेलं. आता जाऊन बसा त्या दगडावर." दोघा भावांमधलं समोरासमोरचं हे शेवटचं बोलणं.

त्यानंतर अबोला. आमची दोन्ही घरं टेकावर चाळीस पावलांच्या अंतराने होती, त्यामुळे बोलल्याशिवाय भागत नसे, आणि बोलणं तिसऱ्याच्या तोंडून चाले. "विष्ण्या, सांग त्यांला, रेडकू आमच्या वैरणीत शिरलंय." विष्णू हा नानांचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो आमच्याकडे तोंड करून तेच वाक्य पुन्हा म्हणे, आबा ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकत आणि उत्तर मला सांगत. एकदा झऱ्यावर दोघंच भाऊ समोरासमोर आले. नाना बैलाला म्हणाले, "ढवळ्या, सांग तुझ्या मोठ्या मालकाला, आदी त्यांनी पाजून घ्यावं." आबा म्हणाले, "ढवळ्या, तुझ्या धन्याला म्हणावं, आमाला घाई नाय." विष्णूने हे झाडामागून पाहिलं आणि सगळ्या गावाला करून दाखवलं. गाव हसलं. मीही हसले.

टेकावरच्या घराबद्दल मला आधी आठवतो तो आवाज. खालच्या गावात पहाटे जात्याची घरघर आणि गळ्यातल्या घुंगरांचा आवाज असे. वर आल्यावर जनावरं कमी झाली आणि त्या जागी पत्र्याच्या होडीवर पाण्याची थपथप आली. ती दिवसभर, वारा असो नसो, चालू असे. घोडेगावहून येणारी गाडी खालच्या वळणावर कधी येई, कधी नाही, आणि मी तिच्यावर अकरावीला जात होते. घरात मासा शिजवायची पद्धत नव्हती. सुकट आणि बोंबील बाजारातून येत तेवढेच. आईने पहिला रोहू हातात घेतला तेव्हा तो कुठून कापायचा हे तिला माहीत नव्हतं. मासळीची कढई तिने घरातल्या चुलीवर कधी चढू दिली नाही. अंगणात तीन दगड मांडून ती चिंचेच्या कोळात, काळ्या मसाल्यात कालवण करी, आम्हाला नाचणीच्या भाकरीबरोबर वाढी आणि स्वतः मिरचीचा ठेचा घेऊन बसे. "आपल्या वावरात काय पोसलंय त्याच्यावर, कुणाला ठावं," असं ती म्हणे. खाली गावाची स्मशानभूमीही होती, हे तिला त्यातून म्हणायचं असे. आबा म्हणत, "ज्वारी कुठं वरून पडत व्हती? तीबी त्याच मातीतली."

मासेमारी आम्हाला दगडूमामांनी शिकवली. ते आमचे कुणी नव्हते. उजनीच्या पाण्यावर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. मासे नेणाऱ्या एका व्यापाऱ्याबरोबर ते आले आणि दोन हंगाम आमच्या पडवीत राहिले. आबांनी लावलेलं पहिलं जाळं त्यांनी काठावरून पाहिलं. दोन बांबू रोवून आबांनी ते सरळ, ताठ, ओळंब्यात धरल्यासारखं ताणलं होतं. दगडूमामा हसून हसून खाली बसले. "राव, मेंढरं कोंडायची हायेत का हितं? कुंपण घातलंय जनू!" मग त्यांनी जाळं सोडवून दाखवलं. ताणलेल्या जाळ्याला मासा नाक लावतो आणि मागे फिरतो. जाळ्याला झोळ हवा. वरच्या दोरीची जेवढी लांबी, त्याच्या जवळजवळ दुप्पट जाळी तिच्यात चुणून बसवायची. मग मासा आत शिरतो, कल्ल्यापर्यंत जातो, आणि मागे सरायला बघतो तेव्हा दोरा कल्ल्यात बसतो. जितकी धडपड, तितका गुंता. जाळीचं एक घर किती मोठं ते बोटांनी मोजायचं. तीन बोटांच्या घरात चिलापी, पाच बोटांच्या घरात मोठा कटला, आणि त्याहून लहान पिल्लू आपोआप निघून जातं. कटला वरचं खातो, रोहू मधलं, मृगळ चिखलातलं, म्हणून एकाच पाण्यात तीन मजले समजायचे आणि ज्या मजल्यावरचं गिऱ्हाईक हवं त्या उंचीला जाळं टांगायचं. थंडीत मासा खाली बसतो, ऊन वाढलं की सकाळी वर येतो आणि दुपारी पुन्हा खाली जातो. जाळं दिवस मावळायला टाकायचं आणि उजाडायला काढायचं.

त्यांचे दोन उपदेश आबांनी घेतले नाहीत. पहिला: पाण्याला बांध नसतो. मासा जिथे आहे तिथे जा, वावराचा नाद सोडा. आबा म्हणाले, "तुमचं बराबर हाय पावणं, पन मग ह्यो मानूस कुठं बसंल आन मी कुठं?" ह्यो मानूस म्हणजे नाना. दुसरा उपदेश असा की जाळं खाली अडकलं तर होडीतून ओढून पाहायचं, नाही आलं तर कापायचं, पण त्याच्यामागे पाण्यात उतरायचं नाही. "जाळं पुन्ना इनता येतं," दगडूमामा म्हणत. तंगुसाचा, म्हणजे नायलॉनचा, दोरा पाण्यात दिसत नाही, आणि तो माशाला जे करतो तेच माणसाला करतो. आबा मान डोलावत. ते नांगरट करणारे गृहस्थ होते. नांगर दगडाला अडकला तर नांगर तोडून टाकत नाहीत, वाकून दगड काढतात.

तिसऱ्या हिवाळ्यात नवं जाळं बांधायला घेतलं. तोवर दगडूमामा निघून गेले होते. जाळी घोडेगावहून आणली होती, पण दोरीवर चढवायचं काम घरचं, आणि ते आईने केलं. चार महिने, रोज दुपारी, खांबाला दोरी बांधून ती एक एक घर गाठवत बसे. झोळ कमी-जास्त झाला की उसवून पुन्हा करी. तंगुसाने तिच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरांवर चिरली, ती भरत नसत, कारण भरायच्या आत पुन्हा तीच बोटं लागत. तरंगायला रबरी चपलांचे तुकडे लावायचे. गावातल्या झिजलेल्या चपला आईने मागून आणल्या होत्या. खालच्या दोरीला नदीचे गोटे, भोकं पाडता येत नाहीत म्हणून कापडात बांधून. मासा न खाणाऱ्या बाईने बांधलेलं ते जाळं आमच्या काठावर सगळ्यांत चांगलं होतं. नानासुद्धा येता-जाता त्याच्याकडे पाहत आणि विष्णूला म्हणत, "बग, झोळ असा पडाया पायजे." हे आईला ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणत.

माझं काम मापाचं होतं. एका दोरीला दगड बांधून ती सोडायची आणि तळ लागला की गाठी मोजायच्या. दोन गाठींमध्ये एक वाव. दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचं अंतर म्हणजे वाव, आणि आमच्या दोरीवरचे वाव आबांच्या हातांचे होते. मी माप वहीत लिही. खुणेचं नाव, दिवस, वाव. पहिली दोन वर्षं पाणी फारसं उतरलं नाही. कालवे पुरे व्हायचे होते. तिसऱ्या वर्षी ते सुरू झाले, खालच्या तालुक्यांकडे पाणी सुटलं आणि होळीनंतर आमचा काठ रोज हातभर खाली जाऊ लागला. जुनी मापं निकामी झाली. सगळं वावर नव्याने मोजायला आबांनी मला सांगितलं, आणि दोन दिवसांत मी ते मोजलं.

बांधाच्या अंगाला, जिथे कळस पत्र्यावर येतो तिथे, दगड तीन वावांवर थांबला. दोरी हातात सैल पडली. मी तीन लिहिलं. मग दोरी हलवली, तसा दगड कशावरून तरी घसरल्यासारखा झाला आणि खाली, नवव्या गाठीपर्यंत गेला. अलीकडचं माप नऊ होतं, त्याच्या अलीकडचं साडेआठ. आमचं वावर सपाट होतं, मी त्यात वाढले होते. मध्येच सहा वाव उंचीचं काही तिथे असू शकत नव्हतं. असू शकलं असतं ते आंब्याचं झाड, आणि ते तोडलं आहे हे मला माहीत होतं. तीन हा आकडा बसत नव्हता. दोरी गुंतली असेल असं ठरवून मी तो खोडला आणि पुढे नऊ लिहिला. पुन्हा दगड टाकून पाहिला नाही. हात दुखत होते, एवढंच कारण मला आठवतं. पुढे मी तीस वर्षं वर्तमानपत्रात काम केलं, आणि न बसणारा आकडा दिसला की बातमीदाराला परत पाठवत असे. हे कुणी माझं कौतुक म्हणून सांगितलं की मी विषय बदलते.

त्या संध्याकाळी आबांनी नवं जाळं पहिल्यांदा पाण्यात टाकलं. ते बांधाला अगदी लागून टाकलं. आमच्याकडे नांगरट करणारा माणूस शेवटचं तास, नांगराची शेवटची ओळ, नेहमी बांध कोरूनच काढतो, तसंच. मधल्या मजल्यावरच्या रोहूसाठी जाळं चार वाव खाली सोडलं होतं. खाली नऊ असताना चार म्हणजे भरपूर मोकळं पाणी, हा हिशेब माझ्या वहीचा.

सकाळी आम्ही काढायला गेलो. उजाडलेलं होतं, ऊन अजून पाण्यावर आलं नव्हतं. मी वल्हं धरलं होतं, आबा पुढे उभे राहून जाळं घेत होते. पहिल्या टप्प्यात सहा मासे आले, चांगले मोठे. आबा खूश होते. डोक्याकडून पुढे ढकलून मासा सोडवायचा असतो, तसा ते एक एक सोडवून होडीत टाकत होते आणि आईचं नाव घेऊन म्हणाले, "हात हाय बाईचा." मग जाळं थांबलं. आबांनी ओढलं, होडी त्या बाजूला कलली. दुसऱ्या बाजूने येऊन ओढलं. तसंच. नाना आणि विष्णू त्यांच्या पाण्यात, आमच्यापासून फार तर वीस हातांवर, त्यांचं जाळं काढत होते. नानांनी हातातलं काम थांबवलं.

"विष्ण्या," ते म्हणाले. तोंड विष्णूकडे होतं, आवाज आमच्याकडे. "सांग त्यांला, वढू नका म्हणावं. खाली आंबा हाय."

विष्णू बापाकडे बघत राहिला. "आंबा? त्यो तर तोडला व्हता ना?"

"सांगतो तेवढं सांग."

विष्णूने वळून सांगितलं, "आबा, नाना म्हणत्यात, खाली आंबा हाय."

आबांनी जाळ्यावरची नजर काढली नाही. "सुमे, इचार त्यांला. कंचा आंबा? इकून खाल्ला त्यो, का दुसरा?"

मी विचारलं नाही. सकाळच्या पाण्यावर कुजबुजसुद्धा ऐकू जाते.

"म्हणावं, तोडला न्हाई," नाना विष्णूला म्हणाले. "कुऱ्हाडवाले आलते. माघारी धाडले. बानं लावलेलं झाड. हात उचलंना."

आबा आता हसले, पण ते चांगलं हसणं नव्हतं. "सुमे, तवाचं खोटं का आत्ताचं खोटं, तेवढं इचार फक्त."

विष्णूने होडीतला कोयता उचलून दाखवला. "आबा, कापा की राव. एवढं काय त्यात. मी येतो कापाया."

"तुझ्या मोठ्या आईची चार महिने बोटं सोलल्यात त्यात," आबा म्हणाले. विष्णूशी ते सरळ बोलत. मग माझ्याकडे हात केला. "वही काढ. हितं किती हाय?"

मी वही काढली. त्या ओळीवर बोट ठेवलं. खोडलेला तीन स्पष्ट दिसत होता, एकच आडवी रेघ मारली होती. त्या क्षणी मला काय कळलं आणि काय नाही, याची मी अनेकदा उलटतपासणी केली आहे. मला कळलं होतं. दगड कशावर थांबला होता हे मला तिथे, वही हातात असताना, कळलं होतं. तीन म्हटलं असतं तर नाना खरे ठरले असते, आबा विष्णूसमोर खोटे पडले असते, आणि मी चुकीचं माप लिहिलं हेही निघालं असतं. यातलं कोणतं कारण मोठं होतं हे मला सांगता येत नाही.

"नऊ," मी म्हणाले.

"आयकलं का?" आबा पाण्याकडे बघून, सगळ्यांना म्हणाले. "पोरीनं दगड सोडून मोजलंय. कागदावर हाय." त्यांनी सदरा काढला, विळा दातांत धरला आणि जाळ्याच्या दोरीला धरून खाली गेले.

ते एकदा वर आले. होडीच्या काठाला धरून बराच वेळ श्वास घेतला. विळा हातात होता. तेव्हा त्यांनी नानांकडे पाहिलं, सरळ, मध्ये कुणाला न घेता. तीन वर्षांत तसं पाहिलेलं मी बघितलं नव्हतं. खाली त्यांना झाड दिसलं असलं पाहिजे. हाताला लागलं तरी असलं पाहिजे. मी म्हणाले, "आबा, राहू द्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एवढं कळल्यावर ते पुन्हा का गेले? कदाचित फक्त दोन-तीन फांद्यांचं काम उरलं होतं. कदाचित जाळं तसंच सोडून वर येणं म्हणजे नानांचं ऐकणं झालं असतं. ते गेले, दोरी माझ्या हातात काही वेळ हलली, जोरात हलली, आणि मग नुसती ताणून राहिली.

"दादा!" नाना ओरडले आणि होडीतूनच त्यांनी उडी टाकली. ही हाक आबांनी ऐकली नाही.

विष्णू कोयता घेऊन गेला. वर आला, पुन्हा गेला. चौथ्या खेपेला दोघांनी मिळून आबांना वर आणलं. जाळं दोन्ही पायांना, गुडघ्यापर्यंत गुंडाळलं होतं, त्यात आंब्याच्या काळ्या काटक्या होत्या. नानांनी त्यांना होडीत पालथं घातलं आणि पाठ दाबत राहिले. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. ते मी मोजलं नव्हतं.

दुपारी काठावर पंचनामा झाला. हवालदार सभ्य होते, त्यांनी आईला सावलीत बसवलं. प्रश्न ते पुस्तकी भाषेत विचारत आणि लिहीत. मयत पोहता येणारा होता काय. होता. मयतास कोणी सावध केले होते काय. विष्णूने तोंड उघडलं, तेवढ्यात नाना म्हणाले, "न्हाई."

"तुम्ही तिथेच होतात ना? झाड आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हतो. ठावं व्हतं. आमचं बोलनं न्हवतं."

विष्णूने मान खाली घातली. मी नानांच्या समोर बसले होते. पाण्याची खोली मला कुणी विचारली नाही, वही कुणी मागितली नाही, आणि मी बोलले नाही. गावाने त्या उत्तराचा अर्थ लावला तो असा: धाकट्याला झाड माहीत होतं, आणि भाऊ उतरताना तो होडीत बसून गप्प राहिला. आईनेही तोच अर्थ लावला. तेराव्याला नाना अंगणाच्या कडेला येऊन उभे राहिले. आईने पदर सावरला, आत गेली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर चाळीस पावलांवरच्या त्या घराशी आमचा निरोपाचाही संबंध उरला नाही. मी पुण्याला आले, एका छापखान्यात मुद्रितं तपासू लागले, आणि तिथून वर्तमानपत्रात गेले.

बऱ्याच वर्षांनी नाना मंचरला इस्पितळात होते तेव्हा मी त्यांना एकटी भेटायला गेले. आईला सांगितलं नव्हतं. त्यांचं अंग सुकून गेलं होतं, बोलताना धाप लागत होती. मी त्यांना खोडलेल्या तिनाचं सांगायला गेले होते आणि सांगायला सुरुवात केली. त्यांनी मला पुरं करू दिलं नाही.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "तुझं बोट थांबलं व्हतं वहीवर. मी बगत व्हतो."

"मग हवालदाराला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? मी सावध केलं म्हणलो असतो, तर त्यानं इचारलं असतं, मग उतरला कशाला? मग वही निगाली असती." त्यांनी थोडा वेळ श्वास घेतला. "वैनीला एक दीर वाईट झाला तर चालतो. लेक कशी चालंल?" मग म्हणाले, "आन खोटं मी बोललो नाय. दादाशी मी न्हवतोच बोललो. विष्ण्याशी बोललो."

मी कुणाला सांगायचं नाही, असं वचन त्यांनी माझ्याकडून घेतलं. त्यानंतर सहा दिवसांनी ते गेले. आता आई ऐंशीच्या घरात आहे आणि पुण्यात माझ्याकडे असते. तिला वाचता येत नाही. गावाबद्दल मी जे पुस्तक लिहिते आहे, त्यातली आधीची प्रकरणं मी तिला वाचून दाखवली होती, आणि ती त्यात चुका काढत असे, कुणाची म्हैस कुठली, कोणत्या सणाला काय केलं होतं. हे प्रकरण मी आठ दिवस बाजूला ठेवलं. मग एका दुपारी तिच्यासमोर बसून सगळं वाचलं, एकही ओळ न गाळता. तिने कुठेही थांबवलं नाही. वाचून झाल्यावर ती माझ्याकडे न बघता बराच वेळ उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळत राहिली.

"नानाच्या मातीला मी गेले नाय," ती म्हणाली. "इष्णू बोलवाया आला व्हता. दोनदा."